रक्ताच्या थेंबाकडे बघत राहणाऱ्या रमिलाबेन

सकाळची ओपीडी नुकतीच सुरू झाली होती. नंदुरबारच्या माझ्या दवाखान्यात, समोरच्या टेबलावर एक वर्षाचं बाळ माझ्या स्टेथोस्कोपची नळी तोंडात घालायच्या खटपटीत होतं आणि मी त्याच्या आईला औषध कसं द्यायचं ते समजावत होतो. फोन वाजला. पेशंट समोर असताना मी फोन घेत नाही, पण पडद्यावर दिलीपगुरुजींचं नाव दिसलं. गुरुजी मला कधी फोन करत नसत. करायची ती त्यांची बायको. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "रमिला गेली. सकाळी चहा ठेवला, डोकं दुखतंय म्हणाली आणि ओट्याशीच खाली बसली. उठलीच नाही." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बाळाच्या आईने "सर, किती मिली म्हणालात?" असं विचारल्यावर मी भानावर आलो आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

त्याला आता दीड महिना झाला. रमिलाबेन कोण, हे या पुरवणीच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. नवापूर तालुक्यातल्या, खांडबाऱ्यापासून थोडं आत असलेल्या एका छोट्या सरकारी रुग्णालयात त्या लॅब टेक्निशियन होत्या. रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि चिठ्ठीवर आकडे लिहून द्यायचे, हे त्यांचं काम. चार वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. कुठल्या व्यासपीठावर त्यांचा सत्कार झाल्याचं मला माहीत नाही. पण आमच्या भागात आज शाळेत जाणारी, शेतात राबणारी, कुणी लग्न होऊन सासरी नांदणारी अशी काही माणसं आहेत, जी त्या बाईने वेळेवर मान वर करून "सर, जरा इकडे या" म्हटलं म्हणून आज आहेत. बालरोगतज्ज्ञ म्हणून जे थोडंफार नाव माझ्या वाट्याला आलं, त्यातला मोठा भाग मुळात त्यांचा आहे. हे त्या असताना मी कुठे लिहिलं नाही, याची आता लाज वाटते.

मी तिथे रुजू झालो तेव्हा नुकताच एमबीबीएस झालेला होतो. घर नंदुरबारजवळचं धानोरा, वडिलांची केळी-कापसाची शेती, घरात अहिराणी. नवापूरकडची मावची बोली मला कळायची नाही आणि डॉक्टर झाल्याचा ताठा मात्र अंगात भरपूर होता. पहिल्याच आठवड्यात एका पेशंटचा रिपोर्ट लवकर येईना म्हणून मी लॅबमध्ये जाऊन उभा राहिलो. खिडकीपाशी एक सावळी, ठेंगणी, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई मायक्रोस्कोपवर वाकलेली होती. मी आलोय हे तिला कळलं होतं, तरी तिने वर पाहिलं नाही. "अर्धा तास झाला," मी म्हणालो. "हो सर," ती म्हणाली, "अजून थोडा लागेल. बघून होऊ द्या." मी रागाने परत आलो आणि कंपाउंडरला विचारलं, ही बाई कायम अशीच आहे का? तो म्हणाला, "रमिलाबेन ना? त्यांना घाई केली की अजून उशीर करतात."

ते खरंच होतं. त्यांच्या हट्टाने अनेकजण वैतागायचे, मीही वैतागायचो. नमुन्याच्या बाटलीवर नाव नीट लिहिलेलं नसेल तर त्या ती सरळ परत पाठवत. एखाद्या सिस्टरला चारचौघांत बोलायला कमी करत नसत. मनात शंका असली की रिपोर्टवर सही करत नसत, मग समोर कोणी का असेना. गोड बोलून काम काढून घेणं त्यांना जमायचं नाही, आणि त्यामुळे त्यांचं नुकसानही झालं असणार. पण त्या खिडकीपाशी त्या रोज, वर्षानुवर्षं, त्याच निगुतीने बसत. मावची आणि कोकणा आदिवासींची कोकणी या त्यांच्या घरच्या भाषा. अहिराणी आणि गुजराती बाजारातल्या. मराठी त्या शाळेत शिकलेल्या, आणि ती मास्तरणीसारखी सावकाश, शुद्ध बोलत.

वनिताची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण माझ्या डोळ्यांवरची पट्टी तिथे सुटली.

वनिता सात वर्षांची. बाप दासू, आई मोगीबाई. दोन एकर कोरडवाहू आणि हंगामात गुजरातेत ऊसतोडीला जाणारं घर. पोरीला महिनाभर ताप येत-जात होता, पाय दुखतात म्हणून ती रात्रंदिवस रडायची, तोंडावर रक्त नव्हतं. आमच्या भागातल्या आदिवासी मुलांत सिकलसेल खूप. फिकट मूल, हाडं दुखतात, ताप आहे, म्हणजे सिकलसेल, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी सिकलची तपासणी लिहून दिली, ती पॉझिटिव्ह आली, आणि माझ्या दृष्टीने विषय संपला. मी सलाइन लावलं, वेदनाशामक दिलं, भरपूर पाणी पाजायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रमिलाबेन स्वतः वॉर्डात आल्या. हे कधी घडत नसे. "सर, तुमच्या त्या मुलीची स्लाइड एकदा बघता?" मी म्हणालो, "तुम्हीच पॉझिटिव्ह रिपोर्ट दिलाय ना?" त्या म्हणाल्या, "दिला. तो खोटा नाही. पण ही तपासणी दोघांची पॉझिटिव्ह येते, ज्याला आजार आहे त्याची आणि जो नुसता वाहक आहे त्याचीही. वाहकाला असलं दुखत नाही आणि एवढं रक्तही कमी होत नाही. आणि विळ्यासारख्या पेशी मला स्लाइडवर सापडत नाहीत. दुसरंच काही तरी आहे."

मी खिडकीपाशी त्यांच्या स्टुलावर बसलो. पांढऱ्या पेशी हव्या त्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या आणि जवळपास सगळ्या एकाच साच्यातल्या. मोठ्या, गोल, आतलं केंद्र पेशीभर पसरलेलं, कडेला निळसर रंगाची बारीकशी किनार. प्लेटलेट शोधाव्या लागत होत्या. पाठ्यपुस्तकातलं चित्र समोर होतं आणि मला ते ओळखता आलं नव्हतं, कारण मी स्लाइड पाहिलीच नव्हती. वॉर्डात परत जाऊन मी वनिताला पुन्हा तपासलं. यावेळी मानेतल्या गाठी हाताला लागल्या. पोटात प्लीहा चार बोटं खाली आलेली होती. पोटऱ्यांवर निळे डाग होते, ते मी आधी पोरी खेळताना पडतात त्याचे म्हणून सोडून दिले होते. माझ्या कॉलेजातल्या एका सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ल्युकेमिया वाटतोय. रक्ताचा कॅन्सर. नक्की काय ते हाडातला मगज काढून तपासल्यावरच कळेल. तिला उद्याच मुंबईला पाठव. आणि एक लक्षात ठेव, कुणी कितीही म्हटलं तरी स्टिरॉइड देऊ नकोस. दोन दिवस पोरगी बरी दिसेल आणि खरा आजार झाकला जाईल."

आता हे आईबापांना सांगायचं होतं. मी माझ्या मराठीत बरंच बोललो. दासू भिंतीकडे बघत उभा होता. शेवटी तो म्हणाला, "कॅन्सर म्हणजे मरायचंच. मग मुंबईला कशाला, घरीच नेतो." त्याला देवमोगरा मातेचा नवस फेडायचा होता, तेवढं करून पोरीला घरी ठेवायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. रमिलाबेन दारात उभ्या होत्या. त्यांनी दासूशी वाद घातला नाही. मोगीबाईचा हात धरून तिला लॅबमध्ये नेलं.

मी मागोमाग गेलो. त्यांनी आधी दुसऱ्या एका मुलाची, धडधाकट मुलाची स्लाइड लावली आणि मोगीबाईला डोळा कसा लावायचा ते दाखवलं. मग वनिताची लावली. त्या मावचीत बोलत होत्या. नंतर त्यांनीच मला सांगितलं ते असं. "हे पोराचं रक्त. लाल किती आहे बघ, जांभळे ठिपके मोजकेच. आणि हे तुझ्या वनीचं." मोगीबाई बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "जांभळ्यांनी सगळी जागा घेतली." "हो," रमिलाबेन म्हणाल्या, "म्हणून लाल रक्ताला जागा नाही, म्हणून ती फिकट. ही जांभळी काढायचं औषध मुंबईत आहे. मोठ्या माणसांच्या कॅन्सरसारखं हे नसतं. पोरांचा हा आजार बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, पण औषध दोन-अडीच वर्षं घ्यावं लागतं, मधेच सोडायचं नाही." मोगीबाईने विचारलं, "तू येशील?" रमिलाबेन म्हणाल्या, "येते."

त्या खरोखर गेल्या. आठ दिवसांची रजा टाकून, दासू, मोगीबाई आणि तापलेली पोर यांना घेऊन, खांडबाऱ्याच्या स्टेशनवरून गाडीत बसल्या. नवसाबद्दल त्यांनी दासूला एवढंच सांगितलं होतं, "माता कुठे पळून जात नाही. पोर बरी करून तिलाच घेऊन जा." मुंबईच्या त्या मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून, सरकारी योजनेचे कागद भरण्यापासून, राहायला धर्मशाळेत खोली मिळवण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. कमरेच्या हाडातून मगज काढतात म्हणजे काय करतात, हे आधी स्वतः विचारून घेतलं आणि मग मोगीबाईला सांगितलं. आठ दिवस त्या वॉर्डाबाहेरच्या बाकांवर बसल्या आणि शेजारच्या आयांशी बोलल्या. तुमच्या पोराला काय झालं, पहिल्यांदा काय दिसलं, किती डॉक्टर झाले, उशीर कुठे झाला. बिहारच्या, कोकणच्या, मराठवाड्याच्या आया. परत आल्या तेव्हा त्या माझ्यापेक्षा जास्त शिकून आल्या होत्या.

पहिल्या महिन्यातच वनिताच्या रक्तातल्या त्या पेशी दिसेनाशा झाल्या. केस गेले, तोंड आलं, पण ताप गेला आणि पाय दुखायचे थांबले. पुढचे उपचार सुरू झाले, मधे काही दिवसांसाठी घरी सोडलं... आणि पुढच्या तारखेला ती मुंबईला पोचलीच नाही. घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, ऊसतोडीला गेले.

रविवारी मी मोटरसायकल काढली. मागे रमिलाबेन, मांडीवर डब्याची पिशवी. सीमा ओलांडून गुजरातेत शिरलो आणि दुपारपर्यंत कालव्याच्या कडेकडेने मजुरांचे तळ शोधत फिरलो. तिसऱ्या तळावर वनिता दिसली. डोक्याला फडकं बांधून ती एका कोकराच्या मागे धावत होती. दासू ऊस सोलत होता. आम्हाला बघून त्याने कोयता खाली ठेवला, पण उठला नाही.

"पोर धावतेय, बेन," तो म्हणाला. "चार भाकरी खाते. तुम्हीच तर म्हणालात जांभळी गेली. मग आता औषध कशाला? सुई टोचली की ती ओरडते, मला बघवत नाही."

रमिलाबेन त्याच्यासमोर उसाच्या पाचटावर बसल्या. "तू ज्वारी निंदतोस ना?"

"निंदतो."

"निंदल्यावर रान स्वच्छ दिसतं. मग महिन्याने पुन्हा का निंदतोस?"

दासूने हातातला ऊस बाजूला ठेवला.

"मुळं खाली राहतात म्हणून. हिच्यातही राहिलीत. मला मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाहीत, तुला दिसत नाहीत. पण हाडात आहेत, पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात असतील. आता सोडलंस तर ती परत येतील, आणि परत आलेली मग सहजी जात नाहीत. बघवत नसेल तर तू नको बघूस. मोगी बघेल."

मुकादमाशी मी बोललो. तो काही वाईट माणूस नव्हता, त्यालाही दोन मुली होत्या. दासू तिथेच राहिला आणि मोगीबाई वनिताला घेऊन दुसऱ्या दिवशी निघाली.

परतताना एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. मी त्यांचं कौतुक करायला लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. त्या नोकरीला नवीन असताना, दुसऱ्या गावी, एक मुलगा आला होता. मानेत गाठी. टीबी समजून उपचार सुरू होते. त्याचं रक्त त्यांच्याकडे आलं, त्या दिवशी तपासण्या खूप होत्या, एक स्लाइड त्यांनी घाईत बघितली आणि नेहमीसारखे आकडे लिहून दिले. "काही तरी वेगळं दिसलं होतं, सर. मला नाव माहीत नव्हतं त्याचं. नाव माहीत नाही म्हणून लिहिलं नाही. कुणाला बोलावून दाखवलं असतं तरी चाललं असतं." टीबीची औषधं पूर्ण व्हायच्या आधीच तो मुलगा गेला. नंतर, पुस्तकं मागवून वाचल्यावर, त्यांना कळलं की ते काय असावं. मुलाचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हा कुठे मला त्यांचा अर्धा तास समजला.

वनिताची अडीच वर्षं सोपी गेली नाहीत. औषधांनी शरीराची ताकद उतरलेली असताना साधा तापही जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांनी घरी थर्मामीटर ठेवायला सांगितलं होतं, पण मोगीबाईला आकडे वाचता येत नव्हते. रमिलाबेननी तिला सांगितलं, "पडद्यावर पहिला आकडा या नवासारखा दिसला तर पोरीला घरी ठेव. पहिली सरळ काठी दिसली की हातातलं काम टाकून निघ. उद्या जाऊ म्हणायचं नाही." आणि चुन्याने तिच्या झोपडीच्या भिंतीवर एक नऊ आणि एक काठी, म्हणजे शंभराचा एक, काढून दिली. एका दुपारी मोगीबाई दुधाच्या गाडीत बसून रुग्णालयात आली. वनिता तिच्या मांडीवर, डोळे मिटलेले. दारातूनच म्हणाली, "काठी दिसली." आम्ही लगेच शिरेतून अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला आणि मोठ्या रुग्णालयात हलवलं. पाच-सहा तास उशीर झाला असता तर ती वाचली असती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

माझ्या स्वतःच्या घरातला प्रसंग मी अनेकदा लोकांना सांगतो, आणि दरवेळी थोडा ओशाळतो. धानोऱ्याला माझ्या चुलतभावाच्या, संजयच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. रमिलाबेनना मी आग्रहाने घेऊन गेलो होतो. अंगणात मुलगी संजयच्या आईच्या, माझ्या काकूच्या कडेवर होती. रमिलाबेननी तिला जवळ घेतलं, उन्हाकडे तोंड करून धरलं, मग सावलीत धरलं. मला वाटलं, खेळवताहेत. मग त्यांनी संजयकडे मोबाइलमधले फोटो मागितले. दहा-बारा फोटो बघितले आणि मला बाजूला बोलावलं. ज्या फोटोत फ्लॅश होता त्या प्रत्येक फोटोत एक डोळा लाल दिसत होता आणि दुसऱ्या डोळ्याची बाहुली पांढरी. त्या म्हणाल्या, "मुंबईला बाकावर तीन आया भेटल्या होत्या. तिघींनी हेच सांगितलं होतं."

काकूच्या कानावर ते गेलंच. ती उसळली. "हाई कोन शे? डाक्टर शे का? मन्ही नात चांगली शे. तिना डोयाले काय बी व्हयेल नही." मग जरा थांबून, आवाज खाली आणून तिनेच मला विचारलं, "भाऊ, संध्याकाळले तिना डोया मांजरना डोयागत चमकस. आम्ही म्हनूत, देवनं रूप शे. तेच शे का हाई?" तिने ते कधीच पाहिलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि घरातल्या डॉक्टरने तर पाहिलंही नव्हतं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर होता. तो एक डोळा काढावा लागला, दुसरा पूर्ण चांगला राहिला, जीव वाचला. ती आता तिसरीत आहे. कृत्रिम डोळा रात्री काढून धुऊन ठेवते, आणि नव्या मास्तरांना कोणता डोळा खरा ते ओळखायला लावते. काकू वर्षभर रमिलाबेनचं नाव काढायची नाही. मग एकदा मला म्हणाली, "ती बाईले जेवाले बलाव एक दिन." मांडे आणि आमरसाचं ते जेवण चार तास चाललं. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही.

सगळेच वाचले असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि रमिलाबेनना ते आवडणार नाही. धरणाच्या पाण्यापलीकडच्या मणिबेलीकडचा एक पाच वर्षांचा मुलगा त्याच्या मामाने आमच्याकडे आणला. मामाची सासुरवाडी आमच्या भागातली, तिथे त्याने बेनचं नाव ऐकलं होतं. मुलाचं पोट एका बाजूने फुगलेलं, हाताला दगडासारखं घट्ट. मूत्रपिंडाचा कॅन्सर. लवकर सापडला तर शस्त्रक्रिया आणि औषधांनी चांगला बरा होणारा. पण तो तोवर फुफ्फुसात पोचला होता. मुंबईत सगळं केलं. सात महिने मूल झुंजलं आणि गेलं. त्यानंतर रमिलाबेन बोटीतून धरणाचं पाणी ओलांडून त्याच्या आईला भेटायला गेल्या. मी विचारलं, तिथे जाऊन काय केलंत? म्हणाल्या, "काही नाही. तिच्यासोबत बसले. तिनेच सांगितलं. अंघोळ घालताना तिच्या हाताला लागलं होतं, पावसाळ्यातच. तिला वाटलं, पोटात भात आहे."

त्यानंतर लसीकरणाच्या दिवशी त्या दहा मिनिटं लॅब बंद करायच्या आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या आयांमध्ये जाऊन बसायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. भाषण करत नसत. एखाद्या बाळाला मांडीवर घेऊन बोलत राहायच्या. अंघोळ घालताना पोटावरून हलका हात फिरव, दाबू नकोस, काही घट्ट लागलं तर त्याच दिवशी ये. कारण नसताना निळे डाग उठले, ताप आठ-पंधरा दिवस हटला नाही, मूल चालायचं सोडून उचलून घे म्हणू लागलं, मानेतली गाठ वाढत राहिली, सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून उलटी व्हायला लागली, डोळ्यात पांढरं चमकलं, तर दाखवायला ये. "शंभरात एखाद्यालाही नसतं," त्या म्हणायच्या, "म्हणून घाबरायचं नाही. पण म्हणून यायचंही नाही, असं करायचं नाही." मी पुढे शिकायला गेलो, बालरोगतज्ज्ञ झालो, परत नंदुरबारला आलो. आजही आयांना मी हेच सांगतो, जवळपास त्याच शब्दांत.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रुग्णालयात रक्ताच्या पेशी मोजायचं यंत्र आलं. मिनिटभरात छापील चिठ्ठी. सगळे खूश झाले. रमिलाबेननाही ते आवडलं होतं, त्या ते स्वतः पुसून ठेवत. पण लहान मुलाची चिठ्ठी जरा वेगळी आली की स्लाइड लावल्याशिवाय त्या ती देत नसत. नव्या डॉक्टरांनी एकदा कुरकुर केली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "कधी कधी यंत्र त्या पेशींना लिम्फोसाइट, म्हणजे साध्या पांढऱ्या पेशी समजतं. त्याचा दोष नाही, त्याला तेवढंच शिकवलंय. मला थोडं जास्त शिकायला मिळालं."

त्यांच्या दिवसकार्याला मी गावी गेलो. गुरुजी ओसरीत शांत बसले होते. वनिता पदर खोचून पंगतीत भात वाढत होती. ती आता एकवीस वर्षांची आहे, नवापूरला कॉलेजात जाते, आणि शिकायचं की लग्न करायचं यावरून तिचं आणि मोगीबाईचं रोज भांडण होतं. दासूने मला बघून हात जोडले. त्याने त्या दिवशी सकाळपासून लाकडं फोडली होती, पाणी भरलं होतं, आणि अजून काही काम आहे का असं तो सगळ्यांना विचारत फिरत होता.

निघताना वाटेत मी रुग्णालयात गेलो. खरं तर काम काहीच नव्हतं. लॅबमध्ये आता प्रियंका नावाची तरुण टेक्निशियन आहे, वर्षभर रमिलाबेनच्या हाताखाली शिकलेली. ती खिडकीपाशी मायक्रोस्कोपवर वाकलेली होती. मला बघून म्हणाली, "सर, बरं झालं आलात. एक बघता का?" चार वर्षांचा मुलगा, दहा दिवस ताप, मानेत गाठी, यंत्राच्या चिठ्ठीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या. मी स्टुलावर बसलो. घाई केली नाही. स्लाइडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. पेशी मोठ्या होत्या, पण एकसारख्या नव्हत्या. कडा वेड्यावाकड्या, शेजारच्या लाल पेशींना बिलगलेल्या. प्लेटलेट भरपूर होत्या. "व्हायरल आहे," मी म्हणालो. ती म्हणाली, "मलाही तेच वाटलं होतं. पण एकदा कुणाला तरी दाखवावं म्हटलं." आम्ही बाहेर जाऊन मुलाला तपासलं, पोटावर हात फिरवला, आठ दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला यायला सांगितलं.

मुलाची आजी कंटाळून गेली होती. त्याला कडेवर घेत ती पुटपुटली, "एवढा येळ बसाडं, आनी निंघनं तं काहीच नही."

"तेच तर हवं होतं, आजी," प्रियंका म्हणाली, आणि आत जाऊन तिने पुढची स्लाइड लावली.